पंधरावा घास

१७ मार्च, मंगळवार

उद्या अमावास्या. अमावास्येला बिऱ्हाड हलवू नये, म्हणून मनोजला आजच सुट्टी घ्यायला लावली आणि नारपोलीत राहायला आलो. टेम्पोवाला दोन फेऱ्या सांगत होता, एकीतच झालं. सगळा संसार एका टेम्पोत मावला याचं मला बरं वाटलं आणि तुळजाला वाईट.

जागा फार चांगली आहे. केसरीनाथ पाटलांचा हा लूमचा कारखाना होता. लूम भंगारात गेले, आता नुसती शेड आहे. बिल्डरचं नक्की होईपर्यंत राहतं माणूस हवं होतं. आमचा मुलगा मनोज त्यांच्या गोडाऊनवर सुपरवायझर आहे, त्याने आमचं नाव काढलं. पडघ्याच्या पुढचं आमचं घर धाकट्या भावाकडे गेलं आणि टेमघरला मनोजच्या एका खोलीत आम्ही सहा जण झोपत होतो, कूस बदलायची तर दुसऱ्याला सांगून. इथे मागची अख्खी खोली आम्हा दोघांना. मोरी आहे, पंखा आहे, नळ आहे. पहाटे पाचला पाणी येतं असं शेजारणीने सांगितलं, तर तुळजा म्हणाली, "अवो, हितं पानी आपल्या आदी उठतंय." खूप दिवसांनी हसली.

मी पाचवीपर्यंत शिकलो. छातीत कधी धडधडतं ते लिहून ठेवा असं दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, म्हणून मनोजने कंपनीची ही डायरी दिली. आज दोनदा धडधडलं. एकदा टेम्पोची दोरी सैल वाटली तेव्हा, एकदा गॅसची नळी जोडताना. नळी तीनदा तपासली. आता लिहिता लिहिता चौथ्यांदा वास घेऊन आलो.

१८ मार्च, बुधवार, अमावास्या

केसरीनाथ येऊन गेले. मीटर, मेन स्विच, शेडच्या चाव्या दाखवल्या. शेडच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे चुना दिलेली भिंत आणि भिंतीला लागून एक माणूस बसेल एवढा ओटा. तिथे उभे राहून ते म्हणाले, आणखी एक काम आहे. सांगताना जरा लाजले.

काम असं. अमावास्या झाली की नव्या चंद्राला भाताचा एक घास पानावर वाढून ओट्यावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं पुनवेपर्यंत चढवत न्यायचं. पुनवेनंतर रोज एक उतरवायचा. अमावास्येला काही नाही. चढता चंद्र संध्याकाळी दिसतो म्हणून तेव्हा संध्याकाळी ठेवायचं, उतरता सकाळी दिसतो म्हणून तेव्हा सकाळी. कोणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "आयेनी केला, मंग इसाकभाईनी केला. आपुन सोडाचा नाय, बस." नेमकं कसं मोजायचं ते इसाकभाईलाच ठाऊक, म्हणाले. इसाकभाई म्हणजे लूम दुरुस्त करणारा इथला जुना जॉबर. तीस वर्षं याच खोलीत राहिला, मागच्या महिन्यात मुलीकडे मालेगावला गेला.

मागच्या दाराच्या चौकटीवर त्याने खडूने रेघा मारून ठेवल्या आहेत. पाच, पाच आणि चार. मी दोनदा मोजल्या. चौदाच. पुनव म्हणजे पंधरावी तिथी हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हातारा मोजायला चुकला असणार. तुळजा म्हणाली, "तीस वर्सं चुकला व्हय?" मी म्हटलं, चुकणारा माणूस तीस वर्षंही चुकतो. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही.

१९ मार्च, गुरुवार, गुढीपाडवा

दारात गुढी उभारली. कडुलिंब शेजारच्या मंदाने दिला. मंदा म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात आया आहे, पलीकडच्या चाळीत राहते, बोलायला तिखट आहे पण मनाने चांगली.

सकाळपासून एकच काळजी. नव्या चंद्राला म्हणजे आज, की चंद्र डोळ्यांना दिसेल त्या दिवशी? प्रतिपदेचा चंद्र कोणाला दिसत नाही. केसरीनाथना तीन फोन केले, उचलले नाहीत. तुळजा म्हणाली दिसल्यावर ठेवू, घाई कसली. पण आज चैत्राचा पहिला दिवस. साडेतीन मुहूर्तांतला एक. नवं काम आज सुरू करायचं नाही तर कधी? शिवाय आज एक ठेवला तर पुनवेला बरोबर पंधरा होतात, कॅलेंडरशी मेळ बसतो. मी तिचं ऐकलं नाही.

माझे हात कापतात, घास वळायला गेलो की भात सुटतो. मग तिने वळला. लिंबाएवढा, गोल, गुळगुळीत. पळसाच्या पानावर घालून मी ओट्यावर ठेवला. धडधड नाही. आज फार बरा दिवस गेला.

२० मार्च, शुक्रवार

संध्याकाळी सगळी नारपोली गच्च्यांवर. ईदचा चंद्र बघायला पोरंसोरं, म्हातारे, बाया, सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे. आम्हीही शेडच्या जिन्यावर चढलो. नखाच्या कातरणीएवढी कोर होती. दिसल्याबरोबर एकच गलका झाला, फटाके लागले. मंदा म्हणाली, "बाबा, आमच्या भिवंडीत चांद दोनदा उगवतो. येक कॅलेंडरचा, येक डोळ्यांचा." त्यांचा महिना कोर दिसल्यावर सुरू होतो, आपला एक दिवस आधी. इसाकभाईसुद्धा दर महिन्याला याच जिन्यावर उभा राहायचा म्हणे, कोर दिसली की मगच भात घेऊन मागे जायचा.

मी ऐकून घेतलं. कालचं पान चाटून पुसून स्वच्छ होतं. मांजरं असतील. आज दोन घास.

२१ मार्च, शनिवार

ईद. समोरच्या घरातून शीरखुर्मा आला. तुळजाने वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून पुरणपोळ्या दिल्या. तीन घास. सगळं ठीक. एकच गोष्ट, मांजर काही कुठे दिसत नाही.

२५ मार्च, बुधवार

सात घास. तुळजाला जागा मानवली. रात्री झोप लागते, गुडघा दुखत नाही म्हणते. दुपारी मंदाबरोबर बसून चिंच फोडते, दोघींच्या हसण्याचा आवाज शेडभर घुमतो. रोज संध्याकाळी घास वळताना ती ओव्या म्हणते. कोणासाठी वळते हे माहीत नाही, पण कोणीतरी जेवतंय हे तिला आवडतं.

ओट्याच्या वर भिंतीला ओल धरली आहे. परवा पहिल्यांदा दिसली तेव्हा काकडीच्या फोडीएवढी होती, वाकडी. आज अर्ध्या भाकरीएवढी आहे. मार्च महिन्यात ओल? टाकी गळत असेल. मालकाच्या भिंतीचं नुकसान आपल्या नावावर नको. धडधड दोनदा.

२८ मार्च, शनिवार

प्रितेश नावाच्या प्लंबरला आणलं. त्याने टाकी बघितली, भिंत ठोकली, जमिनीला कान लावला. मग म्हणाला या भिंतीत पाइपच नाही, पलीकडे रस्ता आहे. पाणी येणार कुठून? मी तीनदा विचारल्यावर म्हणाला, "काका, भिंतीला घाम फुटला आसंल, तुमच्या चिंतेनं." तुळजा पदर तोंडाला लावून हसली.

ओल रोज वाढते. चंद्रही. संध्याकाळी शेडच्या पत्र्यावर चंद्र येतो तेव्हा मी दोन्हीकडे बघतो. दोन्ही सारखेच फुगतात. हे कोणाला बोललो नाही. दहा घास.

३१ मार्च, मंगळवार

तेरा. आज ओलीला आकार आहे. कोणी भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलं तर पाठीची जशी ओल उमटेल तशी. वर डोक्याचा गोल. मान खाली घातलेली.

तुळजाला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, बाईमाणूस आहे. मी म्हटलं काहीतरीच बोलू नकोस. ती म्हणाली, "आवो, उपाशी बाई अशीच बसते."

१ एप्रिल, बुधवार

चौदा घास. पान रोजच्यासारखं स्वच्छ, उघडं. तुळजा म्हणाली, इसाकभाईच्या रेघा चौदा आहेत, उद्या राहू द्या का? मी रागावलो. चौदावर थांबायचं म्हणजे जेवणाऱ्याला पानावरून उठवायचं. पुनवेला पूर्णच द्यायचं. खडू घेतला आणि चौकटीवर पंधरावी रेघ मीच मारली.

२ एप्रिल, गुरुवार, पौर्णिमा

हनुमान जयंती. सकाळी देवळात जाऊन आलो, सुंठवडा खाल्ला. संध्याकाळी सूर्य खाडीकडे बुडाला आणि दुसऱ्या बाजूने चंद्र वर आला, तांब्याच्या परातीएवढा. तुळजाने पंधरा घास वळले. पानात मावेनात, दोन पानं जोडली. मी ठेवले आणि हात जोडून खोलीत आलो.

चहा होईपर्यंत परत गेलो. एवढ्यात संपलं होतं. पान दुमडलेलं होतं. जेवून तृप्त झालेला माणूस जसं पान आपल्याकडे दुमडतो तसं, मधोमध, नीट. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मला फार समाधान वाटलं, आणि लगेच छातीत धडधड सुरू झाली. अजून थांबली नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

ओल गेली! सकाळी उतरत्या चंद्राचे चौदा घास घेऊन गेलो तर भिंत कोरडी खडखडीत. चुना नवा दिल्यासारखा. प्रितेशला फोन करून सांगितलं, तो म्हणाला बघा, चिंता सोडली की भिंत सुकते.

चौदा घास दुपारपर्यंत तसेच पडून होते. संध्याकाळीही तसेच. मुंगीसुद्धा लागली नाही.

५ एप्रिल, रविवार

बारा घास. काल परवाचेही तसेच, मी गोळा करून कावळ्यांना टाकले. कावळे शिवले नाहीत.

तुळजाचं जेवण कमी झालं आहे. उन्हाळा आहे म्हणते.

७ एप्रिल, मंगळवार

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

दुपारी जेवताना तुळजाने भातावर आमटी घेतली, कालवला, खाल्ला आणि ताट सरकवलं. निम्मा भात राहिला होता. मी म्हटलं खा. म्हणाली पोट भरलं. का कोण जाणे, मी मनात मोजत होतो. दहा घास. ओट्यावर सकाळी मी दहाच ठेवले होते.

रात्री पुन्हा मोजले. दहा.

पातेल्यात मात्र भात उरत नाही. आम्ही दोघं, त्यात ती अर्धपोटी, आणि पातेलं घासून पुसून रिकामं.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी नऊ. रात्री नऊ. मी तिला बोलता बोलता दहावा भरवायला गेलो. दात घट्ट. तिने मिटले नव्हते, ते मिटले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला भूक हाय वो. पर घास आत जात न्हाय."

९ एप्रिल, गुरुवार

मनोजला बोलावलं. डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले म्हातारपण, आणि आजोबांनाच जास्त टेन्शन दिसतं. मनोजही हसला. मी त्याला घासांचं सांगितलं तर म्हणाला, "आबा, बायकोच्या तोंडातले घास कोन मोजतं?"

आठ.

११ एप्रिल, शनिवार

काल रात्रीच तिला टेमघरला मनोजकडे हलवलं. जागेचा गुण असेल तर जागा सोडून बघू म्हटलं. ओट्यावर आज काहीच ठेवलं नाही. सुनेने मऊ भात केला, तूप घातलं. मी दुसरीकडे बघत बसलो, मोजायचं नाही असं ठरवून. धाकटी नात शाळेत अंक शिकते. तीच मोठ्याने मोजायला लागली. आजी एक, आजी दोन.

सहावर थांबली.

तिकडेही पातेलं रिकामं. सुनेला वाटलं पोरांनी खाल्लं.

१२ एप्रिल, रविवार

परत नारपोलीला. तुळजानेच हट्ट धरला. मला तिथं बसायचंय म्हणाली. रिक्षातून उतरली ती खोलीत न येता सरळ मागे गेली आणि ओट्यावर बसली. भिंतीला पाठ, गुडघे पोटाशी.

पाच.

१३ एप्रिल, सोमवार, एकादशी

तिचं वजन उरलं नाही. उचलून आत आणली, कापडाचा तागा जड वाटेल. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी खोलीत निजवतो, जरा डोळा लागला की ती ओट्यावर. पाठीमागे भिंतीला ओल धरली आहे. तिच्या पाठीएवढी. तिच्याच पाठीची.

चार.

घरात तिसरं कोणीतरी आहे. जेवायला बसलो की माझ्या डाव्या हाताला बसतं. चटईवरची ती जागा ओलसर होते. दिसत नाही. पण आता ते भरलेलं आहे, धष्टपुष्ट, आणि त्याला घाई नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. चाळीवर निळे झेंडे, सकाळपासून ढोल. मंदा पांढरी साडी नेसून खीर घेऊन आली आणि तुळजाला बघून दारातच थबकली. तीन घास खीर गेली. मंदाने चौथा चमचा लावून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, काय केलंत सांगा.

पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती भुताखेताला मानणारी नाही. जयंतीच्या दिवशी असलं बोलायचं नाही असंही म्हणाली. पण मिरवणुकीला गेली नाही. मोबाइलमधून इसाकभाईचा नंबर काढून दिला.

१५ एप्रिल, बुधवार

इसाकभाई फोनवर आला. त्याने एकच विचारलं, "पूनम को कितने रक्खे?" मी म्हटलं पंधरा. त्याने पुटपुटत पाच, पाच, चार असं मोजलं. मग म्हणाला, "भाईसाब, चाँद दिखने के बाद एक रखना था. पूनम को चौदा ही होते हैं. इसीलिए तो."

केसरीनाथच्या आईने त्याला जे सांगितलं होतं ते त्याने मला सांगितलं. फार पूर्वी इथे पाटलांचं राहतं घर होतं. घरात नवऱ्यामागे राहिलेली एक आत्या होती. देवाच्या नैवेद्यातलं तिने आधी खाल्लं असा आळ आला. घरच्यांनी प्रायश्चित्त दिलं. चंद्राच्या घासांवर राहायचं. प्रतिपदेला एक, पुनवेला पंधरा, मग उतरत अमावास्येला निरंक. या भिंतीशी बसवून मोजून वाढायचे. पुनवेच्या दिवशी कोणीतरी चौदाच वाढले. एक चोरला, का विसरले, माहीत नाही. तिथून ती उतरत गेली आणि अमावास्येला संपली. तेव्हापासून ती तो पंधरावा मागते. म्हणून घरच्यांनी तिचं मोजणं एक दिवस उशिरा सुरू केलं, कोर दिसल्यावर. जेवायला मिळतं, पण पुरं होत नाही. पुरं होत नाही तोवर ती बसून राहते.

पंधरावा मिळाला की तिचं चढतं पुरं झालं. ती उठली. पण उतरतं तर कोणीतरी करायलाच हवं. ज्याच्या हातचे पंधरा खाल्ले त्याला ती आपल्या जागी बसवते.

मी विचारलं, हातचे म्हणजे ठेवणाऱ्याच्या की वळणाऱ्याच्या? तो म्हणाला, "हाथ तो वही, जिसने बनाया."

दोन.

१५ एप्रिल, पुन्हा

केसरीनाथना फोन. उचलला. सगळं ऐकून म्हणाले मला यातलं काय ठाऊक नाय, तुमी खोली खाली करा पाहिजे तर. खोली खाली करून कुठे — ती तिकडेही —

पाडव्याला ती म्हणाली होती दिसल्यावर ठेवू. मी ऐकलं नाही. माझे हात कापतात म्हणून तिने —

१६ एप्रिल, गुरुवार

एक. तोही अर्धा बाहेर आला.

बोलत नाही. मी हाक मारली की पापणी हलते. पोटावर हात ठेवला तर पाठीमागची भिंत लागते हाताला. खोटं नाही लिहीत.

उद्या अमावास्या.

इसाकभाईला पुन्हा फोन केला. विचारलं, त्या आत्याने माझ्या हातचे पंधरा खाल्ले तर? तो म्हणाला पक्कं ठाऊक नाही. पण पाटलांच्या बुढीने सांगितलं होतं, ती एकालाच धरते. नवा हात मिळाला की जुना सोडते. "सोच लो, भाईसाब." विचार कसला करायचा. पन्नास वर्षं माझ्या पानावर तिने वाढलं.

१७ एप्रिल, शुक्रवार, अमावास्या

सकाळी मनोज आला. आईला बघून रडला. अँब्युलन्स आणतो म्हणून गेला. रस्ता जाम आहे, फोन आला, संध्याकाळ होईल.

भात मी शिजवला. मऊ. मंदाला आत येऊ दिलं नाही. तांदूळ धुण्यापासून सगळं माझ्या हाताने.

दुपारी तीनला वळायला बसलो. सुटतात. हात ओले करून वळले. सुटतात. नऊ झाले, चार फुटले. पुन्हा. तुळजा ओट्यावर बसलेली, मी तिच्या पायाशी. डोळे मिटलेले. श्वास आहे. पातेलं तिच्या शेजारी.

पाच वाजले. बारा.

सहा. पंधरा. वेडेवाकडे, पण पंधरा. तीनदा मोजले. पानावर घातले. म्हणालो, बाई, हे माझ्या हातचे. चूक माझी, मोजणी माझी. तिला सोड.

खोलीत डायरी आणायला आलो — डायरी नको होती खरं तर, तिथे बघत बसवेना. धडधड नाही. आश्चर्य आहे. अजिबात नाही.

साडेसहा. मागे आलो. पान रिकामं. तुळजाने डोळे उघडले आहेत! माझ्याकडे बघते आहे. ओठ हलले. पाणी मागितलं. दिलं, गेलं. गालाला हात लावला, ऊब आहे. भिंतीची ओल कडेने सुकते आहे, मी बघतोय, डोळ्यांदेखत —

माझ्या पाठीला गार लागतंय. लागू दे.

म्हणाली भात हाय का. पातेल्यात खरवड आहे थोडी. खा म्हटलं. खा गं, सगळं खा. एक घास गेला. दोन. दुसरा गेला! काल एक, आज निरंक असायचे, आणि दोन गेले. मनोजचा फोन वाजतोय, उचलत नाही, आधी हे लिहितो. तीन —

तिच्या बोटांना भात आहे. आधीचा, सुकलेला. मी विचारलं हे कधी.

म्हणाली तुम्ही आत गेलात तेव्हा. तुमचे घास बघवंना वो, येक फुटला व्हता पानावर. पंधरा भरत न्हवते. तुमचं कमी पडू नये म्हनून मी येक वळून —

फुटला नव्हता. मी तीनदा मोजले होते. पंधरा होते. पंधरा माझे आणि —

सोळा. सोळावी तिथी नाही. कॅलेंडरात नाही, चंद्रात नाही. सोळा कोणाचे, माझ्या हातचे की तिच्या —

पान दुमडलेलं नाही. उघडं आहे. ओल दोन्ही बाजूंनी — एक माझ्या पाठीची एक तिच्या —

तुळजा, पातेल्याला हात लावू नको. तुळजा. ऐकत नाही. म्हणते ती अजून मागतेय, उपाशी बाईला न्हाय कसं म्हनायचं, आणि ती हात ओला करून सतरावा व